लेखकाचं घर सरकारने वाचवावं, पण कोणत्या पैशातून?

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात निवेदनांचा हंगाम सुरू होतो. रस्ते, अनुशेष, शिक्षकांचे पगार आणि अधूनमधून एखाद्या साहित्यिकाचं घर. मजकूर बहुधा ठरलेला असतो: अमुक लेखक इथे राहिले, वास्तू मोडकळीला आली आहे, शासनाने ती ताब्यात घेऊन उचित स्मारक करावं. मागणी रास्त असते आणि करणारी माणसं ती मनापासून करतात. तरीही पुढच्या अधिवेशनात तेच निवेदन, तारीख बदलून, पुन्हा द्यायची वेळ येते.

राजकीय इच्छाशक्ती नाही, असं आपण म्हणून मोकळे होतो. माझ्या मते अडचण त्याआधीच सुरू होते. सरकारी पैसा कसा फिरतो हे ठाऊक नसल्यामुळे आपली मागणीच अर्धवट असते, आणि अर्धवट मागणीवर 'तपासून सादर करा' असा शेरा मारणं कोणालाही सोपं जातं. घर विकत घ्यायला एक पैसा लागतो, ते नीट दुरुस्त करायला दुसरा, आणि पुढची पन्नास वर्षं त्याचं दार रोज उघडं ठेवायला तिसरा. तिन्हींचे नियम वेगळे, खाती वेगळी. हा तिसरा पैसा सहसा कोणी मागतच नाही, आणि स्मारकं ओस पडतात ती त्याच्यावाचून.

आधी कागद बघा

लेखक जिथे राहिला ती जागा आणि लेखकाच्या मालकीची जागा, या दोन्ही एकच असणं आपल्याकडे विरळा. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, उमेदीचा काळ पुण्यात गेला, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला, भावाच्या बिऱ्हाडी. वय अवघं ३३. त्यांचं 'घर' जपायचं तर कुठलं?

गजानन माधव मुक्तिबोधांचं तर अगदी शेजारचं उदाहरण आहे. घरात मराठी बोलणारा हा हिंदी कवी १९४८ ते १९५८ नागपुरात होता. आधी सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीत, मग 'नया खून' या साप्ताहिकात. पगार तुटपुंजा, घर भाड्याचं. त्यानंतर ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला गेले. आज त्यांचं स्मारक राजनांदगावात आहे, नागपुरात नाही. छत्तीसगडवाल्यांना साहित्याची जास्त कदर आहे, असा याचा अर्थ लावायची घाई करू नये. राजनांदगावात ते राहत ती जागा महाविद्यालयाच्या आवारात, जुन्या राजवाड्याच्या इमारतीत होती. म्हणजे जागा सार्वजनिकच होती. विकत घ्यायची नव्हती, भाडेकरू उठवायचे नव्हते, वारसांच्या सह्या गोळा करायच्या नव्हत्या. थेट दुरुस्ती आणि मांडणीपासून सुरुवात करता आली. नागपुरातली भाड्याची खोली खाजगी मालकाची. तिथे पहिलीच पायरी उंच आहे.

ती किती उंच, हे आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, हातात घेतल्यावर कळतं. नागपुरात जुन्या वस्तीतलं घर असेल तर जमीन नझूलची असण्याची शक्यता बरीच, म्हणजे घर आपलं पण जमीन सरकारच्या पट्ट्यावर. नवीन वस्तीत असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचा पट्टा. पट्ट्यात वापर 'निवासी' लिहिलेला असेल आणि तिथे परवानगीशिवाय संग्रहालय उघडलं, तर तो शर्तभंग. वारस तीन भाऊ, दोन बहिणी. एक पुण्यात, एक परदेशात. फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, आजोबांच्या नावावरच थांबलेला. खालच्या मजल्यावर चाळीस वर्षांपासूनचा भाडेकरू, आणि त्याला भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण. यातली एक गाठ जरी सुटायची राहिली तरी कोषागारातून रुपया निघत नाही, कारण खर्च मंजूर करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की पैसा कोणाच्या मालमत्तेवर खर्च होतोय. खाजगी भिंतीवर सरकारी चुना लावला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणारच. तो अधिकाऱ्याचा आडमुठेपणा समजू नये. तुमच्या-माझ्या कराच्या पैशाची ती राखण आहे.

संरक्षण मिळालं म्हणजे निधी मिळाला असं होत नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'हेरिटेज'चा दर्जा मिळाला की काम झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एखादी वास्तू वाचवणारे कायदे वेगवेगळे आहेत आणि त्यांतून मिळणारं संरक्षणही वेगवेगळं.

एक मार्ग राज्य संरक्षित स्मारकाचा. त्यासाठी १९६०चा राज्याचा कायदा आहे आणि तो पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय राबवतं. आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना. पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुले वाडा असा राज्य संरक्षित आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचं घर म्हणून तो लेखकाचंही घर आहे. या मार्गाने गेलं की दुरुस्ती पुरातत्त्व खात्याच्या जबाबदारीत येते. पण त्या खात्यापुढे राज्यभरातले किल्ले, लेणी आणि मंदिरं आधीच उभी आहेत. शंभर वर्षांचं कवेलूचं घर त्या रांगेत बरंच मागे असतं.

दुसरा मार्ग शहराच्या वारसा यादीचा. १९६६च्या नगररचना कायद्याच्या आधाराने महापालिका क्षेत्रातल्या वास्तूंना श्रेणी १, २ किंवा ३ मिळते. श्रेणी १ला जवळजवळ हात लावता येत नाही, श्रेणी ३मध्ये बदलांना बरीच मोकळीक असते. अशी वास्तू पाडायची किंवा बदलायची तर वारसा संवर्धन समितीचं मत घ्यावं लागतं. नागपुरात कस्तुरचंद पार्क, झिरो माइल अशा जागांबद्दल वाद झाला की याच समितीचं नाव वर्तमानपत्रात येतं. पण एवढंच. यादीत नाव गेल्याने मालकावर बंधन येतं, त्याच्या हातात दुरुस्तीचा पैसा येत नाही. छप्पर गळतंय, पाडायला परवानगी नाही आणि दुरुस्तीला ऐपत नाही, अशा कात्रीत सापडलेला वारस शेवटी घर पडायचीच वाट बघतो. त्याला दोष देणं मला जमत नाही.

तिसरा मार्ग विकास आराखड्यात आरक्षण टाकण्याचा. हा ऐकायला सगळ्यात भक्कम वाटतो आणि सगळ्यात फसवा आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची ठोस पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप गळून पडतं. म्हणजे आरक्षण टाकलं पण त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद केली नाही, तर आपण फक्त घड्याळ लावलेलं असतं.

विकत घेण्याचा पैसा

सक्तीने संपादन करायचं तर २०१३चा भूसंपादन कायदा लागतो. शहरात साधारण बाजारमूल्य आणि त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट रक्कम मोजावी लागते. शिवाय सार्वजनिक प्रयोजन सिद्ध करावं लागतं, आणि न्यायालयं ते तपासून बघतात. लेखकाचं नसलं तरी चेन्नईचं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. जयललितांचं 'वेद निलयम' स्मारकासाठी घ्यायला तमिळनाडू सरकारने २०२०मध्ये सुमारे ६८ कोटी रुपये न्यायालयात जमा केले होते. २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते संपादनच रद्द केलं आणि घर वारसांकडे परत गेलं.

म्हणून सामंजस्याने खरेदी केव्हाही बरी. आर. के. नारायण यांचं म्हैसूरच्या यादवगिरीतलं घर २०११मध्ये बिल्डरच्या ताब्यात जाऊन पाडकामाला सुरुवातही झाली होती. ओरड झाल्यावर पाडकाम थांबलं, वाटाघाटी झाल्या, महापालिकेने घर विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि २०१६मध्ये ते लोकांसाठी उघडलं. वादही कमी झाले नाहीत. कन्नडमध्ये न लिहिणाऱ्या लेखकावर कर्नाटकातल्या करदात्यांचा पैसा का, असा प्रश्न काही कन्नड लेखकांनी विचारला. मला त्यामागचा आक्षेप पटत नसला तरी प्रश्न विचारला गेला हे चांगलं वाटतं. सार्वजनिक पैशावर सार्वजनिक वाद व्हायलाच हवा.

दुसरं उदाहरण नागपूरकरांच्या जास्त जिव्हाळ्याचं. विद्यार्थिदशेत १९२१-२२च्या सुमारास बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये ते सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचं उद्घाटन झालं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट कमी जण सांगतात. राहत्या घराचं संग्रहालय करायला स्थानिक परिषदेची वापरबदलाची परवानगी लागते. ती नाकारली गेली, अपील झालं, चौकशी झाली, आणि परवानगी मिळाली ती मार्च २०२०मध्ये. घर घेणं आणि ते घर स्मारक म्हणून चालवण्याचा हक्क मिळवणं, यांच्यात इथे चार वर्षांहून अधिक काळ गेला. नागपुरात नझूलच्या पट्ट्यावरच्या घराचं वेगळं काही होणार नाही.

तिजोरीला हात न लावता मालकाला मोबदला देण्याचीही एक सोय आहे, वारसा टीडीआर, म्हणजे हस्तांतरित करता येणारा बांधकामहक्क. समजा, प्लॉटवर नियमाने ६,००० चौरस फूट बांधता येतं, पण जुनं घर २,००० फुटांचंच आहे. ते न पाडण्याच्या बदल्यात उरलेल्या ४,००० फुटांचा बांधकामहक्क प्रमाणपत्राच्या रूपात मालकाला मिळतो आणि तो दुसरीकडे इमारत उभारणाऱ्या बिल्डरला विकता येतो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद आहे. घर वारसांकडेच राहतं, त्यांच्या हाती रोकड येते आणि जपणुकीची अट त्यांच्यावर बंधनकारक होते. मात्र टीडीआरचा भाव बाजारावर चालतो, आणि घर आधी वारसा यादीत असावं लागतं. तरीही माझ्या मते ज्या घराचे वारस अजून तिथे राहतात आणि ज्यांना ते जपायचं आहे, त्यांच्यासाठी हा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. कोणाला उठवावं लागत नाही.

दुरुस्ती: सिमेंट स्वस्त पडतं आणि घर खातं

नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात तळमजल्याची भिंत नीट बघा. जिथे चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा मारलाय, तिथे जमिनीपासून दोनतीन फूट उंचीवर पापुद्रे सुटलेले दिसतील आणि त्यावर पांढरा लोणा. चुना श्वास घेतो, म्हणजे पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडतं. कोंडलेली ओल वर चढते, सागवानी तुळईचं टोक भिंतीत जिथे रुतलेलं असतं तिथे पोचते, आणि मग वाळवीला आमंत्रण लागत नाही. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. टोकाशी पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत जातो. वर नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडचा. आकुंचन-प्रसरणाने सिमेंटला चिरा पडतात आणि पहिल्याच पावसात पाणी त्यातून वाट काढतं.

आता हे काम सरकारी पद्धतीने करायचं म्हटलं की काय होतं बघा. अंदाजपत्रक दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीवरून, बनतं. दरसूचीत सिमेंटचा गिलावा, विटांचं बांधकाम, टाइल्स सहज मिळतात. पंधरा दिवस मुरवलेला चुना, गूळ आणि बेलफळाच्या पाण्यात मळलेला माल, हाताने बसवलेले कवेलू, जुन्या तुळईचं फक्त कुजलेलं टोक कापून नवा सागवान सांधणं, यांच्यासाठी वेगळं दरविश्लेषण करून मंजूर करून घ्यावं लागतं. ते करणारा संवर्धन वास्तुविशारद नेमावा लागतो. त्याशिवाय निविदा निघाली तर सगळ्यात कमी दराचा ठेकेदार येतो आणि तो त्याला येतं तेच काम करतो. त्यात वाईट हेतू नसतो, आणि घर मात्र ओळखू येत नाही. शिवाय मंजूर रक्कम ३१ मार्चच्या आत खर्च करायची घाई असते. चुना तर आर्थिक वर्ष बघून वाळत नाही.

दिल्लीच्या २६, अलीपूर रोडचं उदाहरण मला इथे सतत आठवतं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण त्या घरात झालं. आज तिथे संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराची भव्य वास्तू आहे, २०१८मध्ये तिचं उद्घाटन झालं. ज्या भिंतींमध्ये त्यांनी शेवटची पानं लिहिली, त्या भिंती मात्र तिथे नाहीत. नवं स्मारक बांधायला सरकारी व्यवस्था सरावलेली आहे: आराखडा, निविदा, बांधकाम, उद्घाटन. जुनं जपण्याची तिला सवय नाही. आपल्या रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७पासून शहराच्या कामाला येतंय याचा मला आनंदच आहे. पण सभागृहाला कवीचं नाव देणं आणि कवीचं टेबल, खिडकी, जिना होता तसा ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यासाठी वेगळी कारागिरी आणि वेगळा वेळ मागावा लागतो.

रोजचा खर्च

सरकारी हिशेबात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोन भाग असतात. बांधकाम, खरेदी हे भांडवली. पगार, वीज, दुरुस्ती हे महसुली. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा वार्षिक योजना यांचा कल पहिल्याकडे. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, पण त्या निधीतून जमीन विकत घेता येत नाही आणि नेहमीची देखभालही करता येत नाही. म्हणजे लेखकाच्या घराच्या ज्या दोन खऱ्या गरजा, त्याच त्यातून वगळलेल्या. गाय आणली आणि वैरणीची सोय केली नाही, असं होतं.

थोडा हिशेब मांडू. समजा एक लहानसं दुमजली घर आहे. एक व्यवस्थापक, एक सफाईचं माणूस, दोन पाळ्यांचे राखणदार, वीज, विमा, वर्षातून एकदा वाळवी प्रतिबंधक फवारणी, पावसाळ्याआधी कवेलू फेरणं, हस्तलिखितांसाठी कोरडी खोली. हे सगळं वर्षाला १२ लाखांत बसवलं असं धरू. ६ टक्के व्याजाने हे भागवायचं तर २ कोटींची ठेव हवी. पण सगळंच व्याज खर्चून टाकलं तर दहा वर्षांनी महागाई ठेवीला पोखरते. म्हणून २ टक्के मुद्दलात परत घालायचे आणि ४ टक्केच वापरायचे. मग ठेव ३ कोटींची लागते. हा आकडा घराच्या किमतीइतका किंवा त्याहून मोठाही निघू शकतो, आणि तो निवेदनात नसतो.

राखणदार कशाला, असं वाटत असेल तर कर्नाटकातलं कुप्पळी आठवा. कन्नड कवी कुवेंपूंचं तिथलं घर देशातल्या उत्तम जपलेल्या साहित्यिक घरांपैकी एक. २०१५मध्ये तिथून त्यांची पद्म पुरस्कारांची पदकं चोरीला गेली.

मालगुंडचं केशवसुत स्मारक मला म्हणूनच मोलाचं वाटतं. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४मध्ये ते उभं केलं आणि केशवसुतांचं जन्मघर तिथे जपलं. साहित्यसंस्था स्वतः पाय रोवून उभी राहिल्याने तिथे कार्यक्रम होत राहतात आणि माणसं येत राहतात. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचंही तसंच. विदर्भात १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आहे, म्हणजे संस्थेची परंपरा आपल्याकडेही शंभर वर्षांची आहे. सरकारने घर घ्यावं आणि संस्थेने ते चालवावं, असा करार मला सगळ्यात टिकाऊ वाटतो. फक्त करारात दर वर्षी कोण किती देणार हे आकड्यात लिहिलेलं हवं.

ठेवीसाठी सरकारबाहेरचा पैसाही मिळतो. कंपनी कायदा २०१३प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन स्पष्टपणे आहे. केंद्राचा राष्ट्रीय सांस्कृतिक निधी १९९६पासून आहे, त्याला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. राज्य संरक्षित वास्तू असेल तर 'महाराष्ट्र वैभव' योजनेत एखाद्या संस्थेला ती संगोपनासाठी घेता येते.

हा पैसा दवाखान्यावर का नको?

हा प्रश्न टाळू नये. मेळघाटात आजही आरोग्यसेवा अपुरी असताना मेलेल्या लेखकाच्या खोलीवर कोटी का घालायचे, असं कोणी विचारलं तर त्याला साहित्यद्वेष्टा म्हणणं चूक आहे. माझं उत्तर असं, की प्रत्येक लेखकाचं घर सरकारने घेऊच नये. त्या घरात महत्त्वाचं लेखन झालं आहे का, घर मूळ रूपात उरलं आहे का, कागद-वस्तू उपलब्ध आहेत का आणि ते चालवायला गावातली माणसं तयार आहेत का, एवढं तपासावं. चारही उत्तरं होकारार्थी आली तरच खरेदीची भाषा करावी. नाहीतर भिंतीवर नीट माहितीची पाटी आणि हस्तलिखितं एखाद्या चांगल्या ग्रंथालयात, हे कमी खर्चाचं आणि तितकंच प्रामाणिक काम आहे. नागपूरजवळच्या चिचोलीत शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, त्यांच्या टंकलेखन यंत्रासह. ते त्यांचं घर नव्हतं. तरी तिथल्या काचेपुढे लोक थबकून उभे राहतात.

आणि घर घ्यायचंच ठरलं, तर निवेदनासोबत पाच कागद जोडा: आखीव पत्रिका, सगळ्या वारसांची संमती, संवर्धन वास्तुविशारदाचा स्थितीअहवाल, चालवणाऱ्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचा ठराव, आणि दहा वर्षांच्या देखभालीचं अंदाजपत्रक ठेवीच्या रकमेसह. ते डिसेंबरात विधानभवनाच्या फाटकाशी देण्यापेक्षा उन्हाळ्यातच सांस्कृतिक कार्य विभागाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात तेव्हा त्यांची छाननी आधीच झालेली असते, आणि ज्या प्रस्तावाची फाइल तोवर वित्त विभागापर्यंत पोचलेली नाही त्याला त्या वर्षी तरतूद मिळणं कठीण.